बायपासवरचा कॅमेरा हटवा म्हणण्याआधी

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही आंबेगाव बुद्रुकला राहता आणि रोज पुण्याच्या बायपासने हिंजवडीला जाता. एकाच आठवड्यात वेगमर्यादा ओलांडल्याची दोन चलानं तुमच्या मोबाइलवर आली. सोसायटीत ‘हे कॅमेरे म्हणजे निव्वळ वसुली, ते काढून टाका’ असं निवेदन सह्यांसाठी फिरतंय. घरात मुलगी कायद्याचं शिकतेय आणि तिचा आक्षेप वेगळाच आहे: बाबा रोज किती वाजता कुठून गेले याची नोंद सरकारकडे का साठावी? आणि तुम्ही विचारताय, सही करू की नको.

सही करू नका. पण मुलीचं म्हणणंही सोडून देऊ नका. निवेदनात जे यायला हवं होतं आणि आलेलं नाही, ते नेमकं तिला दिसलंय. मी बावीस वर्षं वाहतूक अभियंता म्हणून काम करतेय, त्यातली निम्मी वर्षं रस्ता सुरक्षा ऑडिटमध्ये गेली. कॅमेरा कुठे बसवावा हे मी सुचवलंय आणि बसवलेला कॅमेरा चुकीचा आहे असंही लेखी दिलंय. त्या अनुभवातून लिहिते.

ज्या उतारावरून तुम्ही रोज जाता, तिथे मी रात्री-अपरात्री स्पीडगन घेऊन उभी राहिलेय. नवीन कात्रज बोगदा संपला की दरी पुलावरून नवले पुलापर्यंत रस्ता सलग खाली उतरतो. कारमध्ये बसलेल्याला हा उतार फारसा कळतच नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तरी गाडीचा वेग उतरत नाही, एवढंच काय ते. पण साताऱ्याकडून तीस-पस्तीस टन माल घेऊन आलेल्या ट्रकची गोष्ट वेगळी. डिझेल वाचावं म्हणून काही ड्रायव्हर इथे गाडी न्यूट्रलला टाकतात. न्यूट्रलला टाकली की इंजिनाचा अटकाव संपला, सगळा भार ब्रेकवर आला. खाली पोचेपर्यंत ब्रेकचे लायनर इतके तापतात की कितीही दाबलं तरी पकड धरत नाहीत. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की कधी कधी ट्रक दिसायच्या आधी जळक्या लायनरचा वास येतो. असा वास आला की आमच्या पथकातली मुलं न सांगता बॅरिअरच्या मागे जाऊन उभी राहायची.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उताराच्या तळाशी एका अवजड वाहनापायी कितीतरी वाहनांचं नुकसान झालं. १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनरची धडक होऊन आग लागली आणि आठ माणसं गेली. मधल्या काळात वेगमर्यादा उतरवली, रम्बलर (वेग कमी करायला लावणारे उंच पट्टे) टाकले, फलक लावले, कॅमेरे आले. ‘एवढं करूनही अपघात झालाच ना, मग कॅमेऱ्यांचा उपयोग काय’, हा तुमच्या निवेदनातला पहिला मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकला कॅमेरा थांबवू शकत नाही, त्याचं चलान तो धडकल्यावर तयार होतं. म्हणून अशा उतारावर कॅमेऱ्याची खरी जागा वर, बोगद्याच्या तोंडाशी असते. तिथे ड्रायव्हरच्या हातात अजून गियर असतो. तिथे ताशी ४० च्या आत गाडी आणायला लावली तर तो खालच्या गियरमध्येच उतरेल. तळाशी बसवलेला कॅमेरा मुख्यतः तुमच्यासारख्या कारवाल्यांना पकडतो. सोसायटीने ही जागा बदलून मागितली असती तर मी आनंदाने सही केली असती.

पण कारवाल्यांना पकडणं निरर्थक आहे असंही नाही. ताशी ६० ऐवजी ८० ने जाणाऱ्या गाडीच्या धडकेतली ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते. नऱ्हे, वडगाव, वारजे या पट्ट्यात हा महामार्ग आता वस्तीतून जातो. लोक तो पायी ओलांडतात, दुचाकीवाले सर्व्हिस रोडवरून अचानक आत येतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सरकारी अहवालात सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात दाखवलेले असतात. तो रकाना मात्र मी जपून वाचते. पंचनाम्यात रस्त्याचा दोष लिहिण्यापेक्षा ड्रायव्हरचा वेग लिहिणं सोपं असतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांवर जगभरात झालेल्या पस्तीस अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१० मध्ये घेतला. कॅमेऱ्याच्या परिसरात जीवघेणे आणि गंभीर दुखापतीचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटलेले आढळले. आकड्यांतला हा फरक मोठा आहे, आणि त्याचं कारण मला माझ्या कामात रोज दिसतं: कॅमेरा कुठे आणि कसा बसवला यावर सगळं ठरतं. एकाच खांबावर कॅमेरा असेल तर लोक तिथे करकचून ब्रेक मारतात आणि पुढे गेल्यावर पुन्हा पाय दाबतात. त्यात मागचा आदळण्याचा धोका उलट वाढतो. यावर सरासरी वेगाची पद्धत आहे. दोन ठिकाणी नंबर टिपायचा, मधल्या अंतराला लागलेल्या वेळावरून वेग काढायचा. सुरक्षेच्या दृष्टीने ही पद्धत सरस आहे. पण तिच्यात प्रत्येक गाडीचा नंबर दोनदा टिपावा लागतो, चुकणाऱ्याचाही आणि न चुकणाऱ्याचाही. इथून तुमच्या मुलीचा प्रश्न सुरू होतो.

त्याआधी ‘वसुली’बद्दल. हा शब्द लोकांच्या तोंडी उगाच आलेला नाही. आम्ही वेगमर्यादा ठरवताना मोकळ्या रस्त्यावर शेकडो गाड्यांचा वेग मोजतो आणि शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या कोणत्या वेगाच्या आत जातात ते काढतो. मर्यादा त्या आकड्याच्या आसपास असेल तर बहुतेक लोक ती आपणहून पाळतात. सरळ, रुंद, दुभाजक असलेल्या रस्त्यावर ऐंशीची पाटी अचानक चाळीसची झाली आणि का झाली ते डोळ्यांना दिसत नसेल, तर जवळजवळ प्रत्येक जण गुन्हेगार ठरतो. नवले पुलाच्या उताराला कमी मर्यादेचं भक्कम कारण आहे, पण ते कारण कारवाल्याला दिसत नाही. ते त्याला सांगावं लागतं. ‘वेगमर्यादा ४०’ एवढंच लिहिण्याऐवजी ‘पुढे तीव्र उतार, ब्रेक निकामी होऊन अपघात, ४०’ असं लिहिलं तर लोक ऐकतात. माझ्या एका ऑडिटनंतर दुसऱ्या एका घाटात अशी पाटी लागली, तेव्हा पुढच्या मोजणीत वेग उतरलेला मला दिसला.

सिग्नलचंही तसंच. शिकागोत २०१४ मध्ये उघड झालं की पिवळा दिवा तीन सेकंदांपेक्षा किंचित कमी जळला तरी चलान निघत होतं. सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक, पण तेवढ्यावर ७७,००० चलानं आणि सुमारे ७७ लाख डॉलर जमा झाले होते. सुरक्षेचं यंत्र वसुलीचं कसं होतं याचं इतकं उघडं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आपल्याकडे पिवळा किती सेकंद आहे हे कोणी मोजत नाही. तुम्ही मोजा, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाच-सहा वेळा. ताशी ५० ने येणाऱ्याला तीन सेकंद तरी मिळायलाच हवेत.

मला स्वतःलाही एकदा झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी केल्याचं चलान आलं होतं. फोटो उघडून मोठा करून पाहिला. गाडी माझीच, नंबर माझाच, सिग्नलही लाल. पण गाडीच्या खाली आणि पुढे सलग काळं डांबर. पालखीच्या आधी तो रस्ता नवा केला होता आणि पट्टे अजून मारायचे होते. स्टॉप लाइन कुठे आहे हे फक्त कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरला ठाऊक होतं, कारण जुनी रेघ त्याच्यात भरलेली होती. मी तोच फोटो जोडून तक्रार केली आणि चलान रद्द झालं. पण त्या चौकात त्या आठवड्यात आणखी किती जणांनी पाचशे रुपये गुपचूप भरले असतील, ही बोच राहिली. नंतर मी त्या ठिकाणचे पट्टे मारले जाईपर्यंतचे सगळे दिवस मोजून लेखी कळवलं. उत्तर आलं नाही.

आता मुलीचा प्रश्न.

कॅमेरा फक्त चुकणाऱ्याला पाहतो, असा बहुतेकांचा समज असतो. नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा तसा नसतो. त्याच्यासमोरून जाणारी प्रत्येक प्लेट तो वाचतो, वेळ आणि जागा लावून ठेवतो, मग त्यातून चुकलेल्या वेगळ्या काढतो. तुम्ही चाळीसच्या आत गेलात तरी नोंद होतेच. एका खांबावरच्या एका नोंदीने काही बिघडत नाही. पण वीस खांबांवरच्या वर्षभराच्या नोंदी एकत्र केल्या की माणूस कोणत्या दवाखान्यात जातो, कोणाकडे रात्री थांबतो, कोणत्या आंदोलनाला गेला होता, सगळं उलगडतं. हे काम करायला कोणी हुशार असायलाही लागत नाही. मी एका कंट्रोल रूममध्ये प्रशिक्षणासाठी गेले असताना एका ऑपरेटरने सहज दाखवावं तसं एक नंबर टाकून त्या गाडीचा दिवसभराचा माग पडद्यावर उभा केला. त्याने कोणाची परवानगी घेतली नाही, कुठे सही केली नाही, कारण लिहिलं नाही. मुलगा सज्जन होता. पण ती खुर्ची कायम सज्जन माणसालाच मिळेल यावर व्यवस्था उभी करता येत नाही.

पुण्यात कॅमेरे कसे आले ते आठवा. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. त्यानंतर शहरभर सीसीटीव्ही हवेत ही मागणी जोर धरून पूर्ण झाली, आणि कोणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नसती. पुढे त्याच कॅमेऱ्यांवरून हेल्मेटची आणि सिग्नलची चलानं निघू लागली. ती निघू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण एका कारणासाठी बसवलेला डोळा दुसऱ्या कारणाकडे वळवताना नागरिकांना विचारलं गेलं नाही. उद्या त्याच खांबावर चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर घातलं तर रस्त्यावर काहीच बदललेलं दिसणार नाही.

आणि माहिती गोळा झाली की तिला गिऱ्हाईक मिळतं. वाहन नोंदणी आणि लायसन्सची माहिती ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना दिली आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले, असं सरकारनेच जुलै २०१९ मध्ये संसदेत सांगितलं. खासगीपणाच्या कारणावरून ते धोरण २०२० मध्ये मागे घ्यावं लागलं. आरसी काढताना आपण दिलेली माहिती विकली जाईल, हे तुमच्या-माझ्यापैकी कोणाच्या डोक्यात होतं?

केरळमधली २०२३ ची घटना तर फारच बोलकी आहे. विनाहेल्मेट स्कूटरचा फोटो चलानासोबत गाडीच्या मालकाला गेला. गाडी बायकोच्या नावावर, फोटोत नवरा आणि मागे दुसरी बाई. घरात भांडण पेटलं आणि प्रकरण पोलिसांत गेलं. नवऱ्याची बाजू घेण्याचं कारणच नाही. पण मागे बसलेल्या बाईचा चेहरा चलानासाठी लागतच नव्हता. कुठल्यातरी घरात हाच फोटो एखाद्या मुलीच्या जिवावर बेतू शकतो. जर्मनीत वेगाच्या दंडात खुद्द ड्रायव्हर कोण हे सिद्ध करावं लागतं, म्हणून त्याचा चेहरा ठेवतात, पण शेजारी बसलेल्याचा काळा करून मगच फोटो पाठवतात. आपल्याकडे नोटीस नंबरावरून मालकाला जाते आणि गाडी कोण चालवत होतं हे सांगायची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकावर असते. म्हणजे वेगाच्या चलानाला आपल्याला एकाही चेहऱ्याची गरज नाही.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं की नंबर वाचल्यावर शोधातल्या यादीशी जुळला नाही तर ती नोंद तत्काळ पुसली गेली पाहिजे. मला आपल्याकडे नेमकं हेच हवंय. कॅमेऱ्याने पाहावं, मोजावं, आणि ज्याने काही मोडलेलं नाही त्याला विसरून जावं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला दिला. त्यातल्या कसोट्या मुलीला माहीत असतीलच: कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. कॅमेऱ्यांच्या बाबतीत पहिल्या दोन पूर्ण होतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये यंत्रांनी रस्त्यावर नजर ठेवण्याबद्दलचं कलम १३६-अ आलं, आणि जीव वाचवण्याइतका रास्त हेतू कोणता? अडतं ते तिसऱ्यावर. निरपराध गाड्यांच्या नोंदी महिनोन्महिने ठेवणं वेगाला आळा घालायला लागत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही गुन्ह्यांचा शोध आणि प्रतिबंध यासाठी मोठ्या सवलती आहेत, तेव्हा फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

तरीही मी कॅमेऱ्याच्या बाजूने का, तर १९ मे २०२४ ची कल्याणीनगरची रात्र. भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांना चिरडलं. पुढे गाडी चालवणाऱ्या मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या वेळी, अपघाताआधी तो ज्या पबमध्ये होता तिथलं सीसीटीव्ही फुटेज पुरावा म्हणून हाताशी होतं. नमुना बदलता येतो असा आरोप ज्या प्रकरणात होतो, तिथे मेलेल्या माणसाच्या बाजूने बोलायला चित्रण उरतं. ज्यांच्याकडे ना पैसा ना ओळख, त्यांना याचा आधार जास्त. चौकात उभा असलेला माणूस गाडी बघून, आवाज बघून, ‘कोणाचा आहेस’ ते ऐकून सोडतो. कॅमेरा निदान तसं करत नाही.

पण त्याची नजर चुकते, हे लक्षात ठेवा. आमच्या इमारतीतल्या एका काकूंना हडपसरहून विनाहेल्मेटचं चलान आलं. त्यांची मोपेड तर आठवडाभर पार्किंगमध्ये होती. फोटोत काळी मोटारसायकल आणि तिच्यावर नक्षीदार आकड्यांची प्लेट होती. ‘दादा’, ‘राम’ असं वाचता यावं म्हणून वळवलेले आकडे यंत्राला कळत नाहीत आणि ते जवळचं काहीतरी वाचून मोकळं होतं. अशी हौस करणाऱ्याच्या दंडाची नोटीस तिसऱ्याच माणसाच्या दारात जाते. चलान पाठवण्याआधी फोटोतली गाडी आणि आरसीवरचा प्रकार व रंग माणसाने जुळवून पाहिला असता, तर सत्तरीच्या बाईला दोन खेपा पडल्या नसत्या.

तुमच्या दोन चलानांचं आता असं करा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत कॅमेऱ्यावरून होणाऱ्या कारवाईबद्दल १६७-अ हा नियम आला. दहा लाखांवर लोकसंख्येच्या आणि इतर निवडक शहरांच्या त्याच्या यादीत पुणे आहे. यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायला हवं. कॅमेरा सुरू होण्याआधी रस्त्यावर ठळक सूचनाफलक हवा. चलानात स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं कलम मोडलं आणि नोटीस कोणत्या अधिकाऱ्याने काढली हे सगळं हवं. नोटिशीसाठी त्या नियमाने १५ दिवसांची मुदत घातली होती. राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर दोन्ही फोटो उघडा आणि यातलं काय आहे, काय नाही ते ताडून पाहा. त्रुटी दिसली तर पैसे भरण्याआधी तिथेच तक्रार नोंदवा आणि प्रमाणपत्राची प्रत मागा. सगळं जागेवर असेल तर मात्र भरून टाका, लोकअदालतीत सवलत मिळेल म्हणून थांबू नका. आणि फोटो कॅमेऱ्याचा नसून कोणाच्या हातातल्या मोबाइलचा वाटला तर ते मुद्दाम लिहा. खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलान करू नये, असं राज्याच्या वाहतूक विभागानेच २०२५ मध्ये परिपत्रकाने बजावलंय.

निवेदनासाठी मुलीला घेऊन बसा. ‘कॅमेरे काढा’ खोडा. त्या जागी लिहा की उतारावरचा कॅमेरा बोगद्याच्या बाजूला वर न्या, मर्यादेचं कारण पाटीवर लिहा, प्रत्येक यंत्राच्या प्रमाणपत्राची तारीख लोकांना पाहता येईल अशी ठेवा. चलान न झालेल्या गाड्यांची नोंद किती तासांत पुसणार ते लेखी सांगा, फोटोतले अनावश्यक चेहरे झाका, आणि कंट्रोल रूममध्ये कोणी कोणता नंबर कधी व का शोधला याची वही ठेवून ती बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या. असा मसुदा झाला की मला पाठवा, तांत्रिक शब्द मी नीट करून देईन.

आणि येत्या रविवारी सकाळी रहदारी कमी असताना बोगद्यापासून नवले पुलापर्यंत एकदा जा. गाडी तुम्ही चालवा आणि फलक मुलीला मोजू द्या: कॅमेऱ्याची सूचना देणारे किती, कुठे आहेत, झाडाआड गेलेत का, चालत्या गाडीतून वाचता येतात का. ती यादी निवेदनाला जोडा.